लांबडीचा नर

पतंग ओळखायचा असेल तर आधी त्याचं बसणं बघावं, रंग मागाहून, असं आमची आत्या म्हणते. रंग उन्हाने विटतो, पंखांवरची पूड गवताला घासून जाते, पण बसायची सवय जन्मभर सुटत नाही. दलदलीतले पतंग तर निम्मे बसण्यावरूनच कळतात. एक जात काडीवर डोकं खाली करून बसते आणि पंख काडीभोवती असे गुंडाळून घेते की मिटलेली छत्रीच. एकीचे ओठ चोचीसारखे पुढे आलेले असतात. एक जात माणूस जवळ आला तरी उडत नाही, गुपचूप काडीच्या पलीकडे सरकते, आणि आपण पलीकडे गेलो की ती अलीकडे येते. तरंगत्या पानाचे दोन गोल तुकडे कापून त्यांच्यामध्ये, गादी आणि गोधडीच्या मध्ये झोपावं तशी राहणारी एक अळीही आहे. तिचा पतंग पांढरा, नखाएवढा. असे बरेच पतंग पाण्यावरून उडाले की कोणीतरी कागद फाडून भिरकावल्यासारखं दिसतं.

हे सगळं मला माहीत आहे ते आत्यामुळे. मी शिकलो यंत्रं आणि काम करतो पाणीपुरवठ्याच्या पंपांवर. घरात मात्र माझी नेमणूक आत्याच्या सापळ्यावर. सापळा म्हणजे एक निळसर दिवा, त्याखाली नरसाळं आणि त्याखाली अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भरलेला डबा. रात्री दिव्याकडे आलेले पतंग नरसाळ्यातून घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत गप्प बसून राहतात. सकाळी झाकण उघडायचं, बघायचं आणि सोडून द्यायचं. बॅटरी टिकवणं आणि पावसाचं पाणी आत जाऊ न देणं, ही माझी कामं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते आणि संग्रहालयाच्या कीटक विभागात पतंगांची ओळख पटवायचं काम करते. गल्लीत तिला पाखरूबाई म्हणतात. तिची जीभ तिच्या टाचणीपेक्षा धारदार. कोणी मोबाइलवरचा फोटो दाखवून नाव विचारलं तर म्हणायची, "पासपोर्टच्या फोटोवरून माणसाची चाल सांगू का?" कॉलेजचे एक सर विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. त्यांनी एका पतंगाचं नाव चुकीचं सांगितलं. आत्या सगळ्या पोरांसमोर म्हणाली, "सर, हा तो पतंग नाही. हे पंख फुटलेलं तुमचं अज्ञान आहे." पोरं हसली. सरही हसले, पण त्यानंतर पुन्हा विद्यार्थ्यांना घेऊन आले नाहीत. मी तेव्हा तिथेच होतो आणि मलाही हसू आलं होतं.

आत्याचं नाव झालं ते लांबडीमुळे.

दलदलीच्या पूर्वेच्या तुकड्यात लव्हाळं दाट आणि उंच असतं. एका पहाटे तिथे काड्यांच्या बुडाशी तिला एक पतंग बसलेला सापडला. वाळल्या गवताचा रंग, शरीर लांबट, पंख मिटले तरी पोटाचं टोक बाहेर राहणारं. तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. दिव्याकडे तो कधी येत नसे, हातानेच पकडावा लागे. आत्याने त्याला घरगुती नाव दिलं लांबडी. त्याच तुकड्यात दिव्यावर ढिगाने यायची ती खापरी. बुटकी, मडक्याच्या खापरासारखी तपकिरी, कुठल्याही दलदलीत भेटणारी. तिचं चित्र जुन्या पुस्तकात होतं. खापरीकडे आत्या वळूनही बघत नसे.

लांबडीवर तिने लेख लिहिला. ही वेगळी जात आहे, जगात फक्त याच तुकड्यात आहे, असा. वर्तमानपत्रात फोटो आला, बाबांनी तो चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावला. मग पाणथळ विभागाने त्या तुकड्याला तारेचं कुंपण घातलं आणि तिथलं लव्हाळं कापायला बंदी केली.

ते लव्हाळं चटईवाल्या बायका कापायच्या. त्यांच्यात पलीकडच्या गल्लीतली चटईवाली काकू. ती आणि आत्या शाळेत एका बाकावर होत्या, त्यामुळे दोघींत अगं-तुगं. कुंपण पडल्यावर काकू आमच्या दारात आली.

"तुझ्या पाखराला घर मिळालं. आता आम्ही कुठली काडी विणायची?"

"पश्चिमेला आहे की लव्हाळं."

"ते वीतभर. त्याची चटई कोणासाठी करू, तुझ्या पाखरासाठी?"

"हे बघ, जगात दुसरीकडे कुठेही नाही ही जात. तुला नाही कळायचं."

"नाही कळायचं," काकू म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती आमच्या दारात आली नाही. तिची सून तिच्याबरोबर विणायला बसायची, ती पुढे खोकी बनवण्याच्या कारखान्यात जायला लागली.

बंदी तात्पुरती होती. ती कायमची करायची तर लांबडीची अळी त्याच काड्यांत वाढते, याचा पुरावा हवा, असं विभागाने कळवलं. म्हणून आत्याने पूर्वेच्या तुकड्यातून अळ्या असलेल्या काड्या आणल्या आणि त्यांचे बुडखे ओल्या वाळूत रोवून बरण्यांत ठेवले. बरण्या आईच्या होत्या. तोंडाला जाळी मी बांधली, रबर लावून, वर दोरा आवळून.

एका सकाळी मी दात घासत मागच्या गॅलरीत गेलो तर आत्या बरणीसमोर उकिडवी बसलेली. बरणीत एक लांबडी होती, नुकतीच कोशातून निघालेली, पंख अजून मऊ. तिच्या शेपटीला शेपूट जोडून एक खापरी बसली होती.

"जाळी तू बांधलीस ना?" आत्याने विचारलं.

"हो."

"नीट?"

"रबर आहे, दोरा आहे. तूच तपासली होतीस."

"फट राहिली असणार. बाहेरून खापरी शिरली."

"शिरली असेल. पण त्या दोघांचं जे चाललंय ते..."

"तू दात घास."

तिने खांद्यावरचा टॉवेल काढून बरणीवर टाकला. आई मागून म्हणाली, "साखरेच्या बरण्या नेल्या तेव्हा मी बोलले नाही. आता टॉवेलही किड्यांना?" एरवी आत्या यावर फाडकन काही बोलली असती. त्या दिवशी ती आईकडे नुसती बघत राहिली. आईने मला खुणेने विचारलं, हिला झालंय तरी काय.

दुसऱ्या बरणीतूनही तेच निघालं, तिसरीतूनही. काही काड्यांतून लांबड्या, काहींतून खापऱ्या. खापरीचे रिकामे कोश बरणीतल्याच काड्यांत चिकटलेले होते, म्हणजे बाहेरून शिरण्याचा प्रश्न मिटला. आत्याने मला सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात नेलं. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तिने दोन खण काढून टेबलावर ठेवले, एक लांबड्यांचा आणि एक खापऱ्यांचा, आणि मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"तू बघ. आज मला माझ्या डोळ्यांची खात्री नाही."

काय बघायचं ते तिने सांगितलं. पतंगाचा मागचा पंख पुढच्या पंखाला अडकवून ठेवणारा एक राठ केस असतो, पंखाच्या मुळाशी. बहुतेक जातींत नराला तो एकच असतो, जाड. मादीला बारीक केसांचा झुबका असतो. बिजागरीला एक खिळा की तीन, एवढंच बघायचं, हे मला सोपं गेलं. मी खापऱ्या एकेक करून बघितल्या. एक केस. पुन्हा एक. पुन्हा एक.

"सगळे नर," मी म्हणालो.

"आणि लांबड्या?"

"झुबका. झुबका. ही पण." मी मान वर केली. "आत्या, सगळ्या माद्या आहेत."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. खणाची काच पदराने पुसत राहिली, काच स्वच्छ असूनही.

"सगळ्या माद्या आहेत हे मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं रे. लेखात लिहिलंय मी, नर अद्याप सापडलेला नाही, बहुधा तो उडत नसावा. न सापडलेल्या नराची सवयसुद्धा मी ठरवून टाकली. उलटंच होतं. मादीचं पोट अंड्यांनी जड, ती उडत नाही, बुडाशी बसून राहते. नर हलका, तो दिव्याला येतो. म्हणून हा मला दिव्यावर मिळायचा आणि ही हाताने. मी दोघांचे दोन संसार मांडून दिले."

"कोणालाही वाटलं असतं."

"कोणालाही नाही. खापरीच्या माद्या कुठे असतात, हे मी एकदा जरी विचारलं असतं तरी झालं असतं. पण इतक्या मामुली पाखराच्या बायकोची चौकशी कोण करतो?" तिने खण परत आत सरकवला. "मला लांबडी हवी होती. दुसरं काही नाही."

घरी आल्यावर तिने बाहेरच्या खोलीतली चौकट उतरवून कपाटाच्या मागे ठेवली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. आईने तिथे कॅलेंडर लावलं.

आत्याने संग्रहालयाच्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब भला माणूस, आवाज चढवणं त्यांना माहीत नाही. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाई, बैठकीत आपण एवढंच सांगू की यंदा लांबडी आढळली नाही. आढळली नाही म्हटल्यावर बंदी कायम करायचं कारण उरत नाही. बायकांना लव्हाळं मिळेल. तुमचं नावही राहील, संग्रहालयाचंही. झाकली मूठ."

हे आत्याने मला संध्याकाळी गॅलरीत सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"यात खोटं काही नाही," ती म्हणाली. "लांबडी अशी जातच नाही. मग आढळली नाही हे खरंच आहे. नाही का?"

बिजागरीचे खिळे मोजणं वेगळं आणि हे वेगळं. मी म्हटलं, "बायकांना लव्हाळं मिळेल ना, मग झालं." तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर तिचा चेहरा आणखी पडला. ती त्या दिवशी जेवली नाही. आईला म्हणाली, पोट बिघडलंय.

बैठक पाणथळ विभागाच्या कचेरीत होती. लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. पडद्यावर नकाशा दाखवायचं यंत्र सारखं बंद पडायचं म्हणून आत्याने मला बरोबर आणलं होतं. पुढे विभागाचे अधिकारी, शेजारी साहेब आणि आत्या. बाजूला कॉलेजचे ते सर. शेवटच्या रांगेत चटईवाल्या बायका, त्यांत काकू. आत्या आत येताना काकूच्या खुर्चीजवळून गेली. दोघी एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या वागल्या.

साहेबांनी वाचून दाखवलं: यंदाच्या पाहणीत सदर पतंग आढळून आला नाही.

अधिकारी पुढे वाकले. "आढळला नाही म्हणजे? कुंपण होतं, बंदी होती. मग गेला कुठे?"

"निसर्गात असं होतं," साहेब म्हणाले.

दाराशी उभा असलेला रखवालदार खाकरला. "साहेब, कुंपण मागच्या बाजूने वाकवलेलं आहे. चोरून कापत असणार."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. माझं लक्ष आत्याकडे होतं. ती वळली नाही.

काकू उभी राहिली. "आम्ही एक काडीही कापलेली नाही."

"मग कुंपण कोणी वाकवलं?"

"म्हशींनी. म्हशींना तुमची पाटी वाचता येत नाही."

"बाई, नीट बोला. जगातली एकमेव जात होती ती. तुमच्या चटयांपायी संपली असेल तर गुन्हा नोंदवावा लागेल, आणि लव्हाळं तर मग विसराच."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," काकूच्या शेजारची बाई पुटपुटली.

साहेबांनी आत्याच्या हातावर हात ठेवला, धीर द्यायला की दाबून ठेवायला ते मला कळलं नाही. आत्याने हात काढून घेतला आणि उभी राहिली.

"पाखरू कुठेही गेलेलं नाही," ती म्हणाली. "असं पाखरूच नव्हतं."

तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बरणी काढून टेबलावर ठेवली. ती बरणी तिने सोबत का आणली होती, हे मी तिला नंतरही विचारलं नाही. तिने सगळं सांगितलं, वर्गात शिकवावं तशा आवाजात, पण हात टेबलाला घट्ट धरून. खापरी हा नर, लांबडी ही त्याचीच मादी. एकाच काडीत वाढतात. कुठल्याही दलदलीत असतात.

मागून काकूचा आवाज आला.

"म्हणजे ती नवरा-बायको होती?"

"हो."

"आणि तू बायकोला वेगळ्या जातीची केलीस."

"हो."

"काखेत कळसा," कोणीतरी म्हणालं, आणि सगळी खोली हसायला लागली. अधिकारी हसले, रखवालदार हसला, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब कागद चाळत होते. एक बाई म्हणाली, "अगं, त्याच्या त्याला बायको ओळखता आली, हिला नाही." पुन्हा हशा. कॉलेजचे सर तेवढे हसले नाहीत. ते हातातल्या पेनचं टोपण काढत आणि लावत होते. घरी परतताना आत्या एकच वाक्य बोलली, "सर हसले असते तर बरं झालं असतं."

हसू ओसरल्यावर अधिकारी म्हणाले, "मॅडम, मग आम्ही कुंपण घातलं ते कशासाठी?"

"माझ्यासाठी," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

बंदी उठली. कुंपण निघालं. पण न कापलेलं लव्हाळं तोवर जून होऊन कडक झालं होतं, वाकवलं की कटकन मोडायचं. बायकांनी ते कापून जाळायला नेलं आणि नवीन फुटण्याची वाट बघत बसल्या. काकूची सून कारखान्यातच राहिली. तिला आता बाकड्यावर बसून काम करायची सवय झाली होती, जमिनीवर बसून पाठ मोडून घ्यायला ती परत कशाला येईल? काकू एकटीच अंगणात बसायची. हे सगळं आईला बाजारात कळायचं आणि ती ते घरी येऊन सांगायची. आत्या उठून मागच्या खोलीत जायची.

संग्रहालयात जायला पुढचा रस्ता काकूच्या गल्लीवरून जातो. आत्या मागच्या बाजूने, गटाराच्या कडेकडेने जायला लागली. पतंगांचे फोटो घेऊन लोक अजून यायचे. ती टोमणा मारत नसे. नाव सांगायची आणि पुढे म्हणायची, दुसऱ्या कोणालातरी विचारून घ्या. हे ऐकताना मला जुन्या टोमण्यांपेक्षा जास्त अवघड व्हायचं. सापळाही तिने बांधून माळ्यावर ठेवायला लावला.

मग एका सकाळी दारात आवाज आला.

"तुमच्या पाखरूबाई आहेत का घरात?"

चटईवाली काकू होती. हातात लव्हाळ्याच्या हिरव्या काड्यांची पेंढी. आत्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तिने आईकडे बघून जोरजोरात मान हलवली. आईला खोटं बोलता येत नाही.

"आहे," आई म्हणाली, "पण ती नाही म्हणून मान हलवतेय."

"हलवू दे. कान तर जागेवर आहेत?" काकूने आवाज वाढवला. "अगं ए, नवी काडी आलीय. चिरून बघितली तर आत अळी. थांबले तर ही काडी पोकळ करून ठेवणार, आणि आत्ता कापली तर कोवळी, विणताना पिचते. कापू की थांबू, तेवढं सांग. तोंड दाखवायचं नसेल तर तिथूनच बोल."

नळ चालूच होता. आईने तो बंद केला. आत्या ओले हात तसेच धरून बाहेर आली आणि काकूपासून जरा लांबच थांबली.

"अळी केवढी होती?"

"अळीएवढी."

"डोकं काळं की तपकिरी?"

"मी तिचं डोकं बघत बसू की चटई विणू?"

आत्याने पेंढीतली एक काडी घेतली, खिडकीच्या उजेडात फिरवली, बोटांनी दाबत खालपर्यंत गेली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "तिथे जाऊन बघावं लागेल. बघूनसुद्धा लगेच सांगता येईल असं नाही."

"मग चल."

"आत्ता?"

"नाही, माझी सून रिटायर होऊन घरी आली की."

हे म्हणताना काकू हसली नाही. आत्याने मान खाली घातली. मग खोलीत जाऊन भिंग घेतलं, ते परत ठेवलं, पुन्हा घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. सवयीने ती मागच्या दाराकडे वळली होती, पण काकू पुढच्या दारातून बाहेर पडलीसुद्धा होती, म्हणून तिला तिच्यामागून जावं लागलं.

मी दारात उभा राहून बघत होतो. काकू पुढे, आत्या थोडी मागे. काकूने एकदाही वळून बघितलं नाही. कोपऱ्यावरचा शिंपी मशीनवरून मान काढून म्हणाला, "काय पाखरूबाई, कुठे निघालात? लग्न जमवायला?" समोरच्या ओट्यावरचे दोघं हसले.

"काड्या बघायला," आत्या म्हणाली. तिचा आवाज जेमतेम पोचेल एवढा होता. शिंप्याला तो ऐकू आला नसावा, कारण त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि आत्याने चालता चालता पुन्हा तेच उत्तर दिलं.